एकट्यानं परदेशी निघताय? तयारी शेवटाकडून सुरू करा

पहिल्यांदा एकटी परदेशी गेले तेव्हा सतरा तासांच्या प्रवासानंतर मी विमानतळाच्या बाहेरच्या दाराशी उभी होते. रात्रीचे पावणेबारा वाजलेले. मोबाइलमध्ये चार टक्के चार्ज. राहण्याच्या जागेचा पत्ता ईमेलमध्ये, ईमेल उघडायला इंटरनेट हवं, विमानतळाच्या वायफायला ओटीपी हवा, आणि ओटीपी ज्या नंबरवर येणार तो रोमिंग सुरू न केल्यामुळे बंद. पासपोर्ट, व्हिसा, विमा सगळं जागच्या जागी होतं. फक्त पत्त्याची एक ओळ कागदावर लिहिलेली नव्हती.

माहिती कक्षातल्या बाईंनी त्यांच्या संगणकावर जागेचं नाव शोधलं आणि पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे. त्यानंतरच्या प्रत्येक प्रवासाची तयारी मी शेवटाकडून करत आले आहे. आधी पहिल्या रात्रीचा पलंग, मग तिथवरचा रस्ता, मग विमानतळ, मग विमान, आणि बॅग सगळ्यात शेवटी. नवखी माणसं बॅगेपासून सुरुवात करतात, त्यामुळे बॅग उत्तम भरली जाते आणि शेवटचे दोन तास नशिबावर सोडले जातात. बॅगेत भरायची राहून गेलेली बहुतेक वस्तू तिथंही विकत मिळते. पण रात्रभर जागलेल्या डोक्याला ऐनवेळी काही सुचत नाही, आणि एकट्या माणसाला "अगं, थांब, आधी हे बघ" म्हणणारं सोबत कोणी नसतं. म्हणून जे ठरवता येण्यासारखं आहे ते घरीच, झोप झालेली असताना ठरवून टाकायचं.

## पायरी १: पहिली रात्र पक्की करा

पुढचं सगळं तिथं जाऊन ठरवायचं असलं तरी पहिल्या दोन रात्रींचं आरक्षण घरूनच करा. इमिग्रेशनला "कुठे राहणार?" असं विचारतात तेव्हा दाखवायला ते लागतं. काही देशांच्या प्रवेशअर्जात तर पत्त्याचा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही.

जागा निवडताना तीन गोष्टी बघा. रात्री उशिरा चावी द्यायला माणूस असतो का? विमानतळावरून एकाच वाहनानं, फार तर एकदा बदलून, पोचता येतं का? आणि उतरल्यावर सामान ओढत किती चालावं लागतं? खिडकीतून काय दिसतं याचा विचार तिसऱ्या रात्रीपासून करा. चावीऐवजी दाराला कोड असेल तर तो आधीच मागून घ्या आणि कागदावर उतरवा.

तारखेचा घोळ इथंच होतो आणि तो भल्याभल्यांचा होतो. तिकिटावरची प्रत्येक वेळ ही त्या त्या गावची स्थानिक वेळ असते. समजा तुमचं विमान १४ तारखेला पहाटे दीड वाजता उतरणार आहे. तुम्ही सहजपणे १४ तारखेची खोली घेता. ती खोली तुम्हाला १४ च्या दुपारी दोन-तीन वाजता मिळणार, म्हणजे तोवर बाकावर बसून राहायचं. तुम्हाला खोली हवी आहे १३ तारखेची. ती घ्या आणि "मी १४ च्या पहाटे तीनच्या सुमारास पोचेन" असं त्यांना लेखी कळवा. नाहीतर मध्यरात्रीपर्यंत पाहुणा आला नाही म्हणून आरक्षण रद्द झालेलं असू शकतं.

निघतानाचा सापळा याच जातीचा आहे. १५ तारखेचं ००:३० चं विमान म्हणजे १४ तारखेच्या रात्री साडेनऊला विमानतळावर पोचायचं. १५ च्या रात्री निवांत पोचलेल्या माणसाचं विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. पॅसिफिक महासागर ओलांडणार असाल तर मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा येते. तिथं एक तारीख गळते किंवा तीच तारीख पुन्हा येते. उतरण्याची तारीख मनात मोजू नका, तिकिटावरून उतरवून घ्या.

आणि तिकीट अजून काढलं नसेल तर एक मनापासूनचा सल्ला: उजेडात उतरणारं विमान घ्या. थोडे पैसे जास्त पडले तरी घ्या. सकाळी अकराला चुकलेला रस्ता विचारत विचारत सापडतो. रात्री साडेअकराला शेवटची गाडी गेलेली असते, दुकानं मिटलेली असतात आणि ज्याला विचारायचं त्याचीच भीती वाटते.

## पायरी २: एक कागद लिहा

हा कागद म्हणजे या सगळ्या लेखाचं मर्म आहे, म्हणून इथं थोडी थांबते.

साधा अर्धा पानभर कागद घ्या. बॉलपेननं लिहा, कारण जेलपेनच्या अक्षरांवर पाण्याचा थेंब पडला की शाई पसरते. अक्षर मोठं काढा, चष्म्याशिवाय आणि टॅक्सीच्या मंद दिव्यात वाचता येईल एवढं. सगळ्यात वर जागेचं नाव आणि पूर्ण पत्ता, आणि त्याखाली तोच पत्ता तिथल्या लिपीत. ती लिपी येत नसेल तर हातानं नक्कल करू नका, एखादी रेघ चुकली तरी अर्थ बदलतो. जागेकडून तो पत्ता मागवा, मोठ्या अक्षरात छापा आणि कागदावर चिकटवा. मग जागेचा फोन, देशाच्या कोडसकट.

मधल्या भागात रस्ता. "पहिला मार्ग: अमुक रेल्वे, अमुक स्टेशन, तिथून सहा मिनिटं चालत. शेवटची गाडी इतक्या वाजता. गाडी चुकली तर: टॅक्सी, साधारण इतके पैसे." गाड्यांच्या वेळा विमानतळाच्या किंवा रेल्वेच्या संकेतस्थळावर मिळतात. विमान दोन तास उशिरा पोचलं तरी पहिला मार्ग चालेल का, हे तेव्हाच बघून ठेवा.

खाली माणसं आणि नंबर. घरच्या दोघांचे फोन, आपल्या देशाच्या तिथल्या दूतावासाचा फोन, विमा पॉलिसीचा क्रमांक आणि त्यांचा चोवीस तास चालू असणारा फोन, रक्तगट, ज्या औषधाची ॲलर्जी असेल त्याचं नाव. त्या देशाचा तातडीचा नंबरही हवा. युरोपीय संघात सगळीकडे ११२ चालतो, अमेरिका आणि कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ०००. जपानमध्ये पोलिसांना ११० आणि रुग्णवाहिकेला ११९. घाबरलेल्या अवस्थेत हे आठवत नाही.

या कागदाच्या दोन प्रती करा. एक पासपोर्टच्या कव्हरात, दुसरी अंगावरच्या खिशात. मोबाइलमध्ये फोटो असू द्या, नकाशाही इंटरनेटशिवाय उघडेल असा उतरवून ठेवा, पण कागद हवाच. त्याला चार्ज लागत नाही.

घरच्यांशीही नीट बोलून ठेवा. "पोचलीस की कळव" एवढं पुरेसं नाही. विमानाचा क्रमांक त्यांना द्या, म्हणजे ते उतरलं की नाही हे त्यांना घरबसल्या दिसेल. मग ठरवा: उतरल्यापासून चार तासांत निरोप आला नाही तर आधी हॉटेलला फोन करायचा, तिथंही काही कळलं नाही तर विमान कंपनीला, मग दूतावासाला. इमिग्रेशनची रांगच कधीकधी दीड-दोन तास चालते हे त्यांना आधी माहीत असलं तर उगाच कोणाचा जीव टांगणीला लागत नाही.

## पायरी ३: दारात अडवतील अशी कागदपत्रं

पासपोर्टची मुदत नुसती शिल्लक असून भागत नाही. अनेक देशांना ती आणखी सहा महिने शिल्लक लागते. कोणी हे सहा महिने पोचण्याच्या तारखेपासून मोजतं, कोणी परतण्याच्या. एक-दोन कोरी पानंही असू द्या. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. फोटोच्या पानाच्या तळाशी यंत्रानं वाचायच्या दोन ओळी असतात. त्यातलं आडनाव आणि नाव तिकिटाशी ताडून बघा. चूक दिसली तर त्याच दिवशी फोन करा.

व्हिसा म्हणजे त्या देशाच्या दारापर्यंत जायची परवानगी. आत घ्यायचं की नाही हे दारातला अधिकारी ठरवतो. ई-व्हिसाचा अर्ज सरकारी संकेतस्थळावरच भरा. हुबेहूब तशीच दिसणारी आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेणारी संकेतस्थळं शोधात वर येतात. बऱ्याच देशांत कागदी प्रवेशकार्ड जाऊन आता ऑनलाइन अर्ज आला आहे. सिंगापूर आणि थायलंडचा असा अर्ज पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा असतो. मध्ये विमान बदलणार असाल तर त्या मधल्या देशाचाही नियम बघा. काही ठिकाणी विमानतळाबाहेर पाऊलही न टाकता ट्रान्झिट व्हिसा लागतो.

चेक-इनच्या काउंटरवरचा माणूस तुमची कागदपत्रं एवढी बारकाईनं का बघतो? प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत आणायची जबाबदारी आणि बरेचदा दंडही विमान कंपनीच्या माथी येतो. म्हणून तो टिमॅटिक नावाच्या यंत्रणेत प्रत्येक देशाचे नियम पडताळतो, आणि त्यात "परतीचं तिकीट आवश्यक" असं आलं तर ते मागतो. परतीचं किंवा पुढच्या देशाचं तिकीट, राहण्याचं आरक्षण आणि विमा यांच्या छापील प्रती एका फोल्डरमध्ये ठेवा. एकेकच पान, पण छापलेलं.

## पायरी ४: तिकिटात काय बघायचं

सगळ्यात महत्त्वाचं हे की सगळी विमानं एकाच आरक्षणात आहेत का. एकाच आरक्षणात पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं तर पुढच्या विमानात बसवणं हे कंपनीचं काम. दोन वेगळी तिकिटं स्वस्तात जोडलेली असतील तर दुसरं तिकीट बुडालं ते तुमचं बुडालं. शिवाय सामान मध्ये स्वतः उतरवून पुन्हा द्यावं लागतं, म्हणजे बहुधा त्या देशात रीतसर प्रवेश करावा लागतो, आणि त्याला व्हिसा लागू शकतो. पहिल्याच प्रवासात या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

विमान बदलायला पहिल्या वेळी अडीच-तीन तास हाताशी ठेवा. परदेशातून अमेरिकेत शिरताना सामान पुढच्या गावापर्यंत लावलेलं असलं तरी बहुतेक वेळा पहिल्या विमानतळावर ते उतरवून घेऊन कस्टम्समधून न्यायचं आणि परत द्यायचं असतं, हे सहसा कोणी आधी सांगत नाही.

विमानतळाचा तीन अक्षरी कोडही बघाच. सॅन होजे नावाची एकाहून जास्त शहरं आहेत: एसजेसी म्हणजे कॅलिफोर्नियातलं, एसजेओ म्हणजे कोस्टा रिकाची राजधानी. टोकियोला नारिता आणि हानेदा असे दोन विमानतळ आहेत. नारिता शहरापासून साठेक किलोमीटर लांब, हानेदा अगदी जवळ. तुमच्या कागदावरचा रस्ता बरोबर विमानतळाचा आहे ना?

## पायरी ५: बॅग

बॅगेची परीक्षा एकच. भरलेली बॅग उचलून दोन मजले जिने चढा. दम लागून मध्ये टेकवावी लागली तर सामान कमी करा. सरकता जिना बंद पडलेल्या स्टेशनवर धरू लागायला कोणी नसणार.

सामानाचे तीन थर करा. अंगावर: पासपोर्ट, एक कार्ड, थोडी रोकड, मोबाइल, तो कागद. हातातल्या बॅगेत: औषधं, चार्जर, एक दिवसाचे कपडे, दुसरं कार्ड, पेन. मोठ्या बॅगेत फक्त तेच, जे दोन दिवस मिळालं नाही तरी अडणार नाही.

औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. चिठ्ठीवर औषधाचं कंपनीनं दिलेलं नाव नको, मूळ रासायनिक नाव हवं. ब्रँडची नावं देशोदेशी बदलतात. घरी सहज मिळणारी गोळी दुसरीकडे गुन्हा ठरू शकते. स्यूडोएफेड्रीन असलेल्या सर्दीच्या काही औषधांना जपानमध्ये बंदी आहे आणि कोडीनवर अनेक देशांत कडक निर्बंध आहेत. जाण्याआधी त्या देशाच्या सरकारी पानावर एकदा नाव शोधा.

हातातल्या बॅगेत द्रवपदार्थ १०० मिलीलीटरपर्यंतच्या बाटल्यांत, आणि त्या सगळ्या मिळून एक लीटरच्या पारदर्शक पिशवीत. २००६ साली द्रवरूप स्फोटकांनी विमानं उडवण्याचा कट ब्रिटनमध्ये उघडकीला आला, तेव्हापासून हा नियम आहे. काही विमानतळांनी नवी यंत्रं बसवून तो शिथिल केला आहे, पण परतीच्या वाटेवरच्या विमानतळावर तो असू शकतो. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नका, ती हातातच हवी, आणि तिची साठवणक्षमता १०० वॉट-अवरच्या आत. हिशोब सोपा आहे: पॉवर बँकेवर छापलेल्या एमएएचच्या आकड्याला ३.७ नं गुणा आणि हजारानं भागा. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर, चालेल. चार्जरवरचं बारीक अक्षर वाचा. "१००–२४० व्होल्ट" असं लिहिलेलं असेल तर तिथल्या सॉकेटचा साधा अडॅप्टर पुरतो.

बँकेला प्रवासाच्या तारखा कळवा, कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करा, आणि नेहमीच्या सिमवर निदान एसएमएस येतील एवढं रोमिंग ठेवा. माझी ती रात्र एवढ्यानंही सुटली असती. ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता मोबाइलमध्ये उतरवायचं सिम, घेणार असाल तर घरच्या वायफायवरच उतरवून ठेवा आणि तिथं पोचल्यावर चालू करा.

## पायरी ६: विमानतळ

तीन तास आधी पोचा. मोठी बॅग पट्ट्यावर जाण्यापूर्वी तिचा आणि तिच्या टॅगचा फोटो काढा. टॅगवर शेवटच्या विमानतळाचा कोड आहे का बघा आणि दहा आकडी क्रमांकाची पावती सांभाळा. गेट बदलतं, म्हणून फलक बघत राहा. शौचालयात जाताना सामान सोबत न्या. कितीही सज्जन दिसणाऱ्या माणसानं "एवढी पिशवी धरता का?" म्हटलं तरी नम्रपणे नाही म्हणा.

## पायरी ७: विमानातले तास

लांबच्या प्रवासात एकट्या माणसानं मार्गिकेकडची जागा घ्यावी असं मला वाटतं. उठायला कोणाला उठवावं लागत नाही, म्हणून आपण खरोखर उठतो. बसल्यावर पुढचं आणि मागचं दार आपल्यापासून किती रांगांवर आहे ते मोजा. धूर झाला तर डोळ्यांना दिसत नाही, हातांनी खुर्च्या मोजाव्या लागतात.

उड्डाण आणि उतरणं या दोन्ही वेळी पासपोर्ट आणि तो कागद अंगावर हवा. २ जानेवारी २०२४ रोजी हानेदाच्या धावपट्टीवर जपान एअरलाइन्सच्या विमानानं पेट घेतला तेव्हा आतली सगळी ३७९ माणसं बाहेर पडली. बॅगा आतच राहिल्या आणि नंतर विमान जळून गेलं. असा प्रसंग फार क्वचित येतो. पण आलाच तर वरच्या कप्प्याला हातही लावायचा नसतो, आणि त्यानंतर परक्या देशात ओळख म्हणून तेवढाच खिसा उरतो.

विमानातली हवा फार कोरडी असते, आर्द्रता दहा ते वीस टक्क्यांच्या आसपास. केबिनमधला दाब समुद्रसपाटीचा नसतो, सुमारे सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तसा असतो. म्हणून घसा सुकतो, डोळे चुरचुरतात, डोकं जड होतं. थोडं थोडं पाणी पीत राहा. चेहऱ्यावर ओलावा टिकवणारं मलम लावा आणि कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा घाला.

पायांची काळजी मात्र गंभीरपणे घ्या. चार तासांहून लांबच्या प्रवासात शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात आहे. मुळात तो धोका लहान आहे, साधारण सहा हजारांत एक, आणि कारण विमान हे नसून तासन्‌तास न हलता बसणं हे आहे. बसल्या जागी टाचा टेकवून चवडे वर घ्या, मग चवडे टेकवून टाचा उचला. पोटऱ्या ताणल्या गेल्या पाहिजेत. तासा-दीड तासानं वीस वेळा करा आणि जागे असाल तेव्हा एक फेरी मारा. पायाखाली बॅग कोंबू नका, पाय लांब करायला ती जागा लागते. अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल, गरोदर असाल किंवा पूर्वी गुठळी झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका. उतरल्यावर पुढच्या काही दिवसांत एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली किंवा अचानक धाप लागली तर लगेच दवाखाना गाठा.

विमान खाली येऊ लागलं की कान दडपतात. झोपेत आपण कमी गिळतो, म्हणून उतरण्याआधी अर्धा तास जागे व्हा. गोड गोळी चघळा, जांभई द्या. नाही सुटले तर नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हळूच हवा दाबा. जोर लावायचा नाही.

झोपेबाबत एवढंच, की बसल्याबरोबर घड्याळ तिकडच्या वेळेला लावा आणि तिकडे रात्र असेल तेव्हाच झोपायचा प्रयत्न करा. झोप लागली नाही तर मनाला लावून घेऊ नका. डोळ्यांवर पट्टी ठेवून पडून राहिलं तरी पुष्कळ विश्रांती मिळते. सगळं विमान झोपलेलं असताना पहाटे तीनला "मी हे का करतेय?" असं वाटतंच, मला दर वेळी वाटतं. दिवे लागले, नाश्त्याचा ट्रे समोर आला की ते ओसरतं.

## पायरी ८: उतरल्यापासून दारापर्यंत

उठण्यापूर्वी पुढच्या खुर्चीच्या खिशात हात घालून तपासा. चष्मा, मोबाइल, पासपोर्ट तिथंच राहतात. गर्दीच्या मागे धावू नका, त्यातले निम्मे विमान बदलणारे असतात. "आगमन" किंवा "इमिग्रेशन"चे फलक बघा. रांग लागण्याआधी शौचालयाला जाऊन या आणि तो कागद एकदा वाचा.

इमिग्रेशनच्या रांगेत मोबाइल खिशात ठेवा, तिथं फोटो काढायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. प्रश्न ठरलेले असतात: कशासाठी आलात, किती दिवस, कुठे राहणार, परत कधी. उत्तर छोटं आणि खरं द्या, आणि विचारलं नसेल ते सांगू नका. बाजूच्या खोलीत बसवलं तरी घाबरू नका. नवख्या, एकट्या प्रवाशाच्या बाबतीत ते घडतं. फोल्डर पुढे करा, शांत राहा. भाषा कळत नसेल तर न समजता "हो" म्हणू नका, दुभाषी मागा.

बॅग आली नाही किंवा फुटलेली आली तर तो हॉल सोडण्याआधीच सामान कक्षात तक्रार नोंदवा आणि नोंदीचा क्रमांक घ्या. एकदा बाहेर पडलात की परत आत येणं कठीण. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार फुटलेल्या बॅगेची लेखी तक्रार सात दिवसांत करायची असते. उशिरा मिळालेल्या बॅगेची, ती हातात आल्यापासून २१ दिवसांत. २१ दिवसांतही न आलेली बॅग हरवली असं धरून भरपाई मागता येते. मधल्या काळात घ्याव्या लागलेल्या कपड्यांच्या आणि साबणाच्या पावत्या ठेवा. काढून ठेवलेला बॅगेचा फोटो इथं उपयोगी पडतो.

कस्टम्सला एकच सूत्र: शंका असेल तर जाहीर करा. खाण्याचे पदार्थ, बिया, लाकडी वस्तू, औषधं, मोठी रोकड. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड खाण्याच्या बाबतीत फार कडक आहेत. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेली सापडली तर दंड होतो. विमानात मिळालेलं फळ बॅगेत राहिलं असेल तर तेही मोजलं जातं.

## पायरी ९: दारापासून पलंगापर्यंत

काचेचं सरकतं दार उघडलं की गोंगाट अंगावर येतो. इथं लगेच बाहेर पडू नका. बाजूला होऊन भिंतीला पाठ लावा, बॅग दोन पायांमध्ये घ्या, पाच मिनिटं थांबा. घरी "उतरले" असा निरोप पाठवा. कागद काढा.

पैसे बँकेच्या एटीएममधून काढा, पहिल्या दिवसापुरतेच. यंत्र "तुमच्या देशाच्या चलनात रक्कम घेऊ का?" असं विचारेल. नाही म्हणा आणि तिथलंच चलन निवडा, नाहीतर दर त्यांच्या मर्जीचा लागतो.

"टॅक्सी? टॅक्सी?" करत जवळ येणाऱ्या माणसाच्या मागे जायचं नाही, त्यानं गळ्यात ओळखपत्र घातलेलं असलं तरी. खरी टॅक्सी रांगेत उभी असते आणि ती रांग फलकावर दाखवलेली असते. बसण्यापूर्वी मीटर आहे की ठरलेला दर, हे विचारा, गाडीचा नंबर घरी पाठवा, आणि पत्ता तोंडानं सांगण्याऐवजी कागद दाखवा. "पहिल्यांदाच आलात का?" या प्रश्नाला "नाही, नातेवाईक वाट बघताहेत" हे उत्तर मी बिनदिक्कत देते.

खोलीत शिरल्यावर आतून कडी लावा, जिना कुठे आहे ते दारामागच्या नकाशावर बघा, घरी "खोलीत पोचले" कळवा. एवढं झालं की बाकी काही करू नका. आंघोळ आणि झोप.

## पायरी १०: पुढचे दोन-तीन दिवस

शरीराचं घड्याळ नव्या वेळेशी, फरकाच्या दर तासाला साधारण एक दिवस या गतीनं जुळतं. पूर्वेकडे गेल्यावर जास्त त्रास होतो, कारण आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असतं. त्याला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही. औषधापेक्षा उजेड मोठा. दोन्हीकडच्या वेळेतलं अंतर सहा-सात तासांपर्यंत असेल तर पूर्वेकडे गेल्यावर सकाळच्या उन्हात फिरा, पश्चिमेकडे गेल्यावर संध्याकाळच्या. दुपारी डुलकी अर्ध्या तासाहून लांबवू नका. झोपेचं घड्याळ जुळवायला काहीजण घेतात ते मेलाटोनिन अनेक देशांत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. पहिल्या दिवशी स्वतः गाडी चालवू नका आणि मोठा पैशाचा निर्णय घेऊ नका.

पहिल्या सकाळी जागेच्या आसपास एक फेरी मारा. औषधाचं दुकान, किराणा, स्टेशन एवढं डोळ्यांखालून घाला. परत येऊन कागद उलटा करा. मागच्या कोऱ्या बाजूला परतीच्या विमानाची तारीख, वेळ आणि विमानतळाचा कोड लिहा, आणि त्याखाली खोलीतून कितीला निघायचं ते. विमान ००:३० चं असेल तर आदल्या दिवसाचं नाव लिहून त्याखाली दोन रेघा ओढा.